वळणावरचा डावा डोळा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मेकॅनिकच्या डाव्या डोळ्यातून डॉक्टरीणबाईंनी कुठल्याशा किड्याचा अख्खा पंख बाहेर काढला, तेव्हा त्याच्या बायकोने हुश्श केलं आणि तो स्वतः मात्र धास्तावला. पंख बघून नव्हे. बाई पुढे जे बोलल्या त्याने.

"गाडी चालवताना डोळ्यांवर काहीतरी लावत जा. पुढच्या वेळी पंखाऐवजी खडा आला तर डोळाच जायचा."

"आजच घेऊ," बायको म्हणाली. "बघतेच कसा लावत नाही ते."

मेकॅनिक नऊ वर्षं हे टाळत आला होता. काचवाल्या हेल्मेटमध्ये दोन मजल्यांच्या मध्ये अडकल्यासारखं होतं, असं तो सांगायचा, आणि अडकलेल्या लिफ्टमधून लोकांना बाहेर काढणारा माणूसच असं म्हणतोय म्हटल्यावर समोरचा विषय सोडून द्यायचा. साध्या गॉगलने कानामागे खाज येते, हे दुसरं कारण. खरं कारण त्याने गाडीलासुद्धा सांगितलं नव्हतं. त्याचा सगळा संसार त्या उघड्या डाव्या डोळ्यावर उभा होता.

त्याचं असं होतं. गाडीने जरा वेग घेतला की वाऱ्याने त्याचा डावा डोळा आपोआप मिटायचा. एकटा डावाच. त्याबरोबर गाल वर जायचा आणि ओठाचा कोपरा हलायचा. लग्नाआधी रोज सकाळी तो बाजाराच्या वळणावरून कामाला जायचा, आणि वळणावरच्या लाँड्रीच्या खिडकीत कपड्यांना चिठ्ठ्या लावत एक मुलगी बसलेली असायची. पहिल्या दिवशी तिने खिडकी धाडकन लावून घेतली. पण हा माणूस डोळा मारायचा आणि सरळ निघून जायचा. शीळ नाही, मागे वळून बघणं नाही, उगाच घिरट्या घालणं नाही. इतका सभ्य टवाळ तिने जन्मात पाहिला नव्हता. शेवटी तिलाच राहवेना. एका सकाळी कोणाचा तरी इस्त्रीचा कोट हातावर घेऊन ती रस्त्यात आडवी उभी राहिली.

"रोज डोळा मारता, मग बोलत का नाही?"

मेकॅनिकने आयुष्यात कोणाला डोळा मारला नव्हता. त्या खिडकीकडे त्याने कधी बघितलंही नव्हतं. पण कोटामागची मुलगी त्याला बघताक्षणी आवडली, आणि पाणावलेला डोळा पुसत तो म्हणाला, "आज बोलणारच होतो."

या वाक्यावर लग्न झालं. घरी पाहुणे आले की बायको अजूनही ही गोष्ट रंगवून सांगते, आणि तो चहाच्या कपात बघत बसतो.

गॉगलचं दुकान नेमकं त्याच वळणावर, लाँड्रीच्या समोर होतं. दुकानदार पन्नाशीचा, भरघोस मिशांचा, आणि गिऱ्हाईक सापडलं की सोडायचं नाही या स्वभावाचा.

"काळी काच घेऊ नका. संध्याकाळी खड्डा दिसणार नाही. खरी काच तर मुळीच नको. ही न फुटणारी घ्या," असं म्हणून त्याने एक गॉगल जमिनीवर ठेवला आणि स्वतः त्यावर चढून उभा राहिला. तिथूनच पुढे बोलू लागला. "बाजूने वारा शिरू नये म्हणून कडेला हा फोम. आत वाफ धरू नये म्हणून ही भोकं. हेल्मेट चढवून बघा, दांडी कानावर रुतली तर मी दिला तरी घेऊ नका."

"देऊन टाका," मेकॅनिक घाईने म्हणाला. निदान इथून तरी सुटू, असं त्याला झालं होतं.

"असं कसं? रोगी तपासल्याशिवाय मी औषध देत नाही. आधी गॉगलशिवाय बघू."

कोपऱ्यात एका स्टुलावर मोटारसायकलची सीट ठोकलेली होती, समोर भिंतीला हँडल, आणि हँडलच्या शेजारी उभा पंखा. मेकॅनिकला त्याने सीटवर बसवलं आणि स्वतः पंख्याच्या मागे उभा राहून बटण फिरवलं. एकवर काही झालं नाही. दोनवर डोळा फडफडला. मेकॅनिकने दातओठ खाऊन तो उघडा ठेवला. तीनवर मात्र डोळा मिटला, गाल वर गेला, ओठाचा कोपरा हलला. दुकानदार चक्क लाजला.

बायको हातातली पिशवी खाली ठेवून पुढे आली. "बंद करा. आता पुन्हा तीनवर लावा."

पुन्हा तसंच झालं. तोच डोळा, तोच गाल. ज्या गालासाठी तिने घरच्यांशी भांडण मांडलं होतं, तो आता एका मिशीवाल्यासाठी वर गेला होता.

तेवढ्यात वळणावर उभा राहणारा हवालदार दांडी तुटलेला चष्मा घेऊन दुकानात आला आणि मेकॅनिकला बघून खुलला. "या, या. भेटलात एकदाचे. रोज मला डोळा मारता, म्हणून लाल सिग्नल असला तरी मी तुम्हाला सोडतो. मला वाटतं आपली जुनी ओळख आहे, माझ्याच लक्षात राहिली नाही. लेकीच्या लग्नाचं बोलावणं करायचंय, पण नाव विचारायची लाज वाटते हो."

बायकोने पंख्याचं बटण बंद केलं.

"खरं सांग," बायको म्हणाली. "तेव्हा मी होते, की वारा होता?"

मेकॅनिकला आणखी एक थाप मारता आली असती. पण ज्या बाईला नऊ वर्षं फसवलं तिच्या डोळ्यांत पाणी तरळलेलं बघून त्याला स्वतःची शरम वाटली. "वारा होता," तो म्हणाला. "खिडकीत तुला मी कधी पाहिलंच नव्हतं. गॉगल लावला की डोळा मिटणार नाही आणि आधी तो कशाने मिटायचा ते तुला कळेल, म्हणून घेत नव्हतो."

"आणि डोळा गेला असता म्हणजे?"

"दुसरा होता की."

यावर हसावं की रडावं, हे तिला ठरवता येईना. तिने फोमवाला गॉगल उचलून त्याच्या हातात कोंबला. "हा लाव. मी खिडकीपाशी उभी राहते. तू वळणावरून ये. आता वारा लागायचा नाही. मारायचा तर स्वतःहून मार. नाहीतर मी चालले आईकडे, तू आणि तुझा वारा बघा काय ते."

हवालदाराला हा आपल्याच खात्याचा मामला वाटला. त्याने वळणाच्या दोन्ही बाजू अडवल्या. बस थांबल्या, रिक्षा थांबल्या, एक रुग्णवाहिकासुद्धा थांबली, पण ती रिकामी होती आणि चालकाला बघायचंच होतं.

मेकॅनिक लांबून गाडी घेऊन आला. डोळ्यांवर स्वच्छ काच, डोळ्यांत टिपूस नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला ते वळण धड दिसलं. लाँड्रीची पाटी हिरवी होती. खिडकी तर इतकी मोठी होती, की न दिसायला आंधळंच असावं लागतं. इथे ही रोज बसायची आणि आपण बघितलं नाही, या विचाराने त्याला गलबलून आलं. मग हाताची घडी घालून उभी असलेली ती दिसली, आणि त्याने डोळा मारायला घेतला.

तेव्हा त्याच्या ध्यानात आलं, की आपल्याला डोळा मारताच येत नाही. आजवर ते काम वारा करत होता. त्याने गाल ओढला, तोंड वाकडं केलं, कान हलवले. डावा डोळा काही एकटा मिटेना. ती जवळ आली, आणखी जवळ आली, आणि त्याने सगळा जीव एकवटून जोर लावला. दोन्ही डोळे गच्च मिटले.

गाडी सरळ लाँड्रीच्या दारातल्या मळक्या चादरींच्या ढिगात घुसली. पहिल्यांदा दुकानदार धावला. त्याने वाकून गॉगल तपासला आणि गर्दीकडे वळून म्हणाला, "बघा, ओरखडा नाही."

मेकॅनिक चादरींत उताणा पडला होता, डोळे अजून तसेच मिटलेले.

"मारला गेला का गं?" त्याने विचारलं.

"दोन्ही मारलेस," बायको म्हणाली. तिचा आवाज हसत होता की ओला होता, ते त्याला कळलं नाही. "वाऱ्यासाठी एकच मिटायचास. ऊठ आता."

हात धरून तिने त्याला उभं केलं, कपड्यांवरची धूळ झटकली आणि दुकानदाराला सांगितलं, "असलेच दोन द्या."

"दुसरा कोणाला, ताई?"

"मला. मागे मीच बसते ना. माझ्या डोळ्यांत काय काय जातं, ते याला कधी दिसलंय?"

मेकॅनिकने गॉगल कपाळावर सरकवला आणि तिच्या डोळ्यांकडे नीट बघितलं. उजवा लालभडक झाला होता. आजचा नसावा, बऱ्याच दिवसांपासूनचा असावा.