रेघेखाली उतरलेला ठ

थोरला भाऊ चौकटींच्या कागदावर अक्षर बेतीत असे आणि धाकटा ते पितळी पत्र्यातून कापीत असे. थोरल्यास करवत कधी साधली नाही, धाकट्यास पेन्सिल. परंतु नाव थोरल्याचेच होते. नव्या ग्रंथालयाच्या दर्शनी भिंतीवर त्याचे वळण झळकायचे की नाही, हे ठरविण्यास दुपारी वास्तुकार येणार होते.

सकाळी थोरल्याने अक्षरे ओळीने मांडली आणि त्याच्या पायांखालची जमीन सरकली. ठ आजारातून उठलेल्या माणसासारखा आखडला होता.

"याचं पोट कुठं गेलं?"

"कानसलं," धाकटा कौतुकाच्या अपेक्षेने म्हणाला. "केसभर रेघेखाली लोंबत होतं. चौकट आखणार तू, मोडणार तू, आणि हसणार लोक मला. सगळे गोल सरळ केलेत, दादा. पट्टी लावून बघ."

गोल अक्षर रेघेला नेमके टेकले की डोळ्यास तोकडे भासते. म्हणून ते किंचित खाली उतरवावे लागते. एवढे एक मर्म थोरल्याने भावापासूनही हातचे राखून ठेवले होते.

त्याने पट्टी उचलली आणि तीच पोलादी पट्टी भावाच्या तोंडावर हाणली. ओठ फाटला. धाकटा रक्त थुंकून हसला.

"बाप गेला तेव्हा डोळ्यांत पाणी नव्हतं तुझ्या. ठ मेला तर सुतक पाळतोस होय?"

मग संयमाचा बांध फुटला. थोरल्याने त्याला मेजावर आदळले. धाकट्याने गुडघा पोटात घातला. अक्षरे खणखणत जमिनीवर सांडली. थोरल्याने त्याचे मनगट पिळून बोटे मेजाच्या कडेला पत्रा आवळण्यासाठी जडवलेल्या लोखंडी शिकंज्यात कोंबली आणि त्याचा दांडा फिरविला.

"कानस आता. कानस की."

वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. धाकट्याच्या किंकाळीने थोरल्याची बायको धावत आली आणि नवऱ्याच्या पाठीवर मुठी मारू लागली. "अहो, सोडा. हात आहे तो भावजींचा, पत्रा नव्हे."

त्याने दांडा आणखी एक फेरा आवळला. मग स्वतःच भानावर येऊन सोडला. बोटांचा आकार उरला नव्हता.

वहिनीने पदर फाडून हात बांधला. थोरला पुढे सरसावला, तशी धाकट्याने कोपराने त्याला दूर लोटले.

"ते मुद्दाम होतं होय?" तो कण्हत म्हणाला. "मग सांगायचं होतंस. ठेवलं असतं केसभर."

वहिनी त्याला खांद्याचा आधार देऊन बाहेर घेऊन गेली. थोरला रक्ताळलेल्या पितळेत उभा राहिला. ती अक्षरे पुन्हा कापू शकेल असा हात त्या घरात आता नव्हता.