मेदेरची झोप

तीन वर्षांपूर्वी मेदेरने बुरुलला तोसोरच्या खिंडीत सोडलं, तेव्हा तंबू त्याच्या सायकलवर होता. शर्यत जोडीची होती. खिंडीतल्या उंचीवर तिला विरळ हवा बाधली. उलट्या होऊन ती बर्फात आडवी झाली. "खाली जाऊन मदत आणतो," असं म्हणून मेदेर गेला, तो थेट शर्यत संपवूनच थांबला. ती धनगरांना दुसऱ्या दिवशी सापडली. डाव्या पायाची दोन बोटं गेली.

मेदेरने सगळ्यांना सांगितलं, "तीच रडत म्हणाली, बाइके, तुम्ही व्हा पुढे." तो वयाने मोठा म्हणून बुरुल त्याला बाइके म्हणायची, त्यामुळे लोकांना ते पटलंही. मेदेर म्हणजे नारिन गावाचा लाडका. शाळेच्या भिंतीवर त्याचा फोटो लागला आणि मुलींपुढे त्याची धैर्यावर भाषणं झाली.

बुरुल भांडली नाही. मेंढ्यांना लस टोचायचं तिचं काम. त्यासाठी ती जीप सोडून सायकलने कुरणं पालथी घालू लागली.

"अगं, घोड्यावर तरी बस," आई कुरकुरायची. "लोक हसतात."

"हसू दे. दात मोजून ठेवते एकेकाचे."

या ऑगस्टात त्याच शर्यतीत तिने एकटीने नाव दिलं. अठराशे किलोमीटर, वाटेत खिंडीमागून खिंडी. आपलं ओझं आपणच वाहायचं, दुसऱ्याची मदत घेतली की बाद. सुरुवातीच्या रेषेवर मेदेर चारचौघांत म्हणाला, "काय बुरुल, बोटं किती उरली?"

"तुम्हाला मागे टाकायला पुरतील एवढी आहेत, बाइके."

चढाला तो तिच्यापेक्षा भारी होता. पण त्याचं एक मर्म तिला ठाऊक होतं: मागे कोणी आहे म्हटलं की त्याचा डोळा लागत नसे. तिने हँडलला मेंढ्याची पितळी घंटा बांधली. तो वाटेकडेला जरा आडवा झाला की ती घंटा खणखणवत शेजारून जायची. "झोपा, बाइके, झोपा. घाई कसली?"

तो धडपडत उठायचा, तिला गाठून पुढे निघून जायचा. तो दिसेनासा झाला की ही खडकाआड दोन तास खुशाल झोपायची. त्याला मात्र वाटायचं, ती पाठीवरच आहे.

चौथ्या दिवशी सोन-कुल तळ्याकाठी, जिथे स्पर्धकांच्या कागदावर शिक्का मारत, त्या यूर्तमध्ये, धनगरांच्या गोल लोकरी तंबूत, बुरुल शिरली. आनार एजे, म्हणजे आनारताई, तिथे चहा करून द्यायची. तिने बुरुलला कोपऱ्यात ओढलं.

"काय केलंस गं त्याचं? मघाशी माझ्या किटलीला 'मागे हो' म्हणाला."

"मग झाली का किटली मागे?"

"हसू नकोस. माणूस मरेल अशाने."

"मीपण मरणार होते, एजे. अजून एक पाव दे."

सहाव्या दिवशी दुपारी ती तोसोर चढत असताना बर्फ सुरू झाला. माथ्याच्या थोडं अलीकडे मेदेर खडकाला टेकून बसलेला दिसला. सायकल वाटेत पडलेली, जाकिटाची चेन उघडी, एका हाताचा मोजा गायब. तिला बघून तो हसला.

"सकाळपासून घंटा ऐकतोय तुझी," तो म्हणाला.

घंटा तिने आदल्याच दिवशी सोडून पिशवीत टाकली होती.

ती थांबली नाही. माथा ओलांडून उताराला लागली. सोडून जाताना माणसाचा पाय अडखळत असेल, काळीज कुरतडत असेल, असं तिला तीन वर्षं वाटत आलं होतं. तसलं काही नव्हतं. वारा पाठीला होता. पेडलसुद्धा मारावं लागत नव्हतं.

किलोमीटरभर खाली गेल्यावर तिने करकचून ब्रेक दाबला. हा इथे मेला तर? शाळेतल्या फोटोला हार चढेल. खिंडीत दगड उभारतील, त्यावर नाव कोरतील. चाळिसाव्याच्या जेवणात आपल्यालाही मान खाली घालून बसावं लागेल, आणि मग खरं काय घडलं ते कायमचं गडप होईल. तिच्या तोंडून सणसणीत शिवी निघाली. सायकल ढकलत ती परत चढू लागली.

तंबू ठोकून तिने त्याला फरफटत आत घेतलं आणि आपल्या झोपायच्या पिशवीत कोंबलं. मग त्याच्या सायकलवरचं, संकटात मदत मागवायचं यंत्र काढलं आणि त्याच्या डोळ्यांदेखत बटण दाबलं.

"आता तू बाद," ती म्हणाली. बाइकेही गेलं, तुम्हीही गेलं.

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "बुरुल, माफ कर मला."

"मला नको सांगूस. माणसं येतील, त्यांच्यासमोर बोल. तू नाही बोललास तर मी बोलेन. आणि मी पदरचं घालून बोलेन."

दोनेक तासांनी निरोप मिळून खालच्या कुरणातला म्हातारा धनगर ओमुरझाक जावयाला आणि दोन घोडी घेऊन वर आला. तीन वर्षांपूर्वी बुरुलला उचलून नेणारा हाच. "परत तूच का?" म्हणत त्याने तंबूत डोकं घातलं आणि मेदेरसाठी बाटलीतला गरम चहा कपात ओतला.

बुरुलने मेदेरकडे नुसतं पाहिलं.

"बाबा," मेदेर पुटपुटला, "हिला मीच टाकून गेलो होतो. ती जा म्हणाली नव्हती."

ओमुरझाकने त्याला चहा पिऊ दिला, मग बाटलीचं बूच घट्ट लावलं आणि जावयाला म्हणाला, "याला खोगिरावर आडवा टाक, पोत्यासारखा. ताठ बसायचा मान माणसांना."

असाच तो खालच्या गावातून गेला, तोंड घोड्याच्या पोटाकडे. बायका दारात येऊन बघत राहिल्या.

बुरुल नववी आली. मेदेरने नंतर वर्तमानपत्राला सांगितलं, "ती मला बहिणीसारखी आहे," पण ओमुरझाकची जीभ छापखान्यापेक्षा आधी नारिनला पोचली होती. शाळेच्या बाईंनी रंगकामासाठी म्हणून फोटो उतरवला. रंग वाळून महिने झाले, भिंत मोकळीच आहे. मेदेर बिश्केकला राहायला गेला.

लोक म्हणतात, काही झालं तरी शेवटी बुरुलला दया आली. तिच्यासमोर कोणी असं म्हणालं की ती चहा अर्धा टाकून उठते.