मेस्त्री जागेवरून उठले नाहीत

प्रश्न विचारायला लिफ्टच्या खड्ड्यासारखी जागा नाही. खाली वाकून काम करणाऱ्या माणसाला पळून जाता येत नाही, आणि हे वकिलाला बरोबर ठाऊक होतं.

वकील हा काही कोर्टातला वकील नव्हे. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीत तो मेस्त्रींचा जोडीदार. चाळिशी ओलांडलेला, दोन मुलांचा बाप, रविवारी आपल्या प्रोटेस्टंट चर्चमध्ये बायबलचा वर्ग घेणारा. मेस्त्री कॅथलिक. दोघांचा देव एक, ख्रिस्तही एकच, पण वकिलाचं म्हणणं असं की कॅथलिकांनी मध्ये फार माणसं घुसवली आहेत. सहा वर्षं तो याच मुद्द्यावर मेस्त्रींची उलटतपासणी घेत आला होता. कंपनीत त्याचं खरं नाव मग कुणाच्या लक्षातच राहिलं नाही.

"मेस्त्री, मरियामातेला कशाला मध्ये घालता? थेट येशूशी बोला की."

"तुझ्या आईला मी म्हटलं, माझ्यासाठी प्रार्थना करा, तर चालतं ना?"

"माझी आई जिवंत आहे."

"तीही आहे. तेरा नंबरचा पाना दे."

मेस्त्रींची उत्तरं अशी पाठ झाली होती. पुतळे कशाला? अरे, बापाचा फोटो भिंतीवर लावतोस, म्हणून त्या फोटोला बाप म्हणतोस का? पोप कशाला? एवढ्याशा कंपनीला साहेब लागतो, मग एवढ्या मोठ्या चर्चला नको? मेल्यावर स्वर्गाआधी ते शुद्धिस्थळ कशाला? जेवायला बसताना हात धुतोस ना, तसं. एखाद्या जाणत्या फादरनं ऐकलं असतं तर कपाळावर हात मारून घेतला असता. पण ग्रीसनं माखलेल्या हातांनी याहून बरी उत्तरं देता येत नाहीत. आताशा मेस्त्री प्रश्न पुरता ऐकतही नसत. साठी आली होती, गुडघ्यांनी राजीनामा दिला होता, महिनाअखेरीला कंपनीही निरोप देणार होती. तोंड आपलं सवयीनं चालायचं.

एकाच प्रश्नाला ते जरा अडखळत.

"आठवडाभर पाप करायचं, शनिवारी फादरच्या कानात सांगायचं, दहा प्रार्थना म्हणायच्या, की पाटी कोरी. फारच स्वस्तात काम झालं!"

"स्वस्तात नाही रे," मेस्त्री म्हणत. "कोंबडी चोरलीस तर फादर म्हणतो, आधी कोंबडी परत कर. नुसतं सांगून भागत नाही. ज्याचं नुकसान केलंस त्याचं जमेल तेवढं भरून द्यावं लागतं."

एवढं बोलून ते उगाचच बॅटरी विझवत आणि पुन्हा लावत. कारण मेस्त्री स्वतः अकरा वर्षांत कन्फेशनला, म्हणजे फादरपुढं पाप कबूल करायला, गेले नव्हते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, अशातली गत. आणि मोठं पाप पोटात ठेवून वेदीवरची पवित्र भाकर घ्यायची नसते, हा नियम मात्र त्यांनी काटेकोर पाळला. दर रविवारी मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, भाकर घ्यायला सगळं बाक उठून पुढं जायचं आणि मेस्त्री एकटे बसून राहायचे. बायको त्यांचे गुडघे ओलांडून जायची, परत यायची, शेजारी डोळे मिटून बसायची. पहिली दोन वर्षं तिनं विचारून पाहिलं. मग तीही दमली.

आता या रविवारी नातीचं पहिलं कम्युनियन होतं, ती पवित्र भाकर पहिल्यांदाच घेणार होती. आठ वर्षांची पोर, पण घरातल्या सगळ्यांची रांग तिनं आधीच लावून टाकली होती. "आधी मी, मग आईबाबा, मग आजी, मग तुम्ही. आजोबा, मी मागे वळून बघणार आहे हं!"

"बघ," मेस्त्री म्हणाले.

भांडी घासणाऱ्या आजीनं नळ बंद केला. ते आणखी काही बोलतात का, याची वाट पाहिली आणि नळ पुन्हा सोडला.

ही बुधवारची गोष्ट. गुरुवारी दुपारी मेस्त्री आणि वकील एका सहा मजली इमारतीच्या गच्चीवर, लिफ्टच्या मशिनखोलीत बसले होते. लिफ्ट बंद ठेवलेली, त्यामुळे सहाही मजले पायी चढून आलेले. वकिलानं थर्मासच्या झाकणात चहा ओतला आणि पुढं केला. बराच वेळ काही विचारलं नाही. मेस्त्रींना तेव्हाच संशय यायला हवा होता.

"गेल्या आठवड्यात आपल्या स्टोअरकीपरच्या अंत्यविधीला मी तुमच्या चर्चमध्ये आलो होतो," तो म्हणाला. "भाकर घ्यायला सगळे उठले. मी बसून राहिलो, कारण मी तुमच्यातला नाही, मला परवानगी नाही. ते मला पटत नाही, त्यावर आपण सावकाश भांडू. पण तुम्ही का बसून राहिलात?"

या प्रश्नाचं उत्तर पाठ नव्हतं. गुडघे दुखतात म्हणावं, तर आत्ताच सहा मजले चढून आले होते.

"सहा वर्षं विचारतोय तुम्हाला," वकील म्हणाला. "खरं सांगायचं तर निम्मे प्रश्न तुम्हाला डिवचायलाच असतात. हा तसला नाही."

मेस्त्रींनी झाकण खाली ठेवलं. खोटं बोलायचं तर त्यालाही अंगात जोर लागतो, आणि तो कुठं उरला होता?

"तुझ्याआधी माझ्याबरोबर उंच्या असायचा," ते म्हणाले. "एका दवाखान्याची लिफ्ट आम्हा दोघांकडे होती. तपासणीच्या कार्डावर ब्रेकचा रकाना असतो. ब्रेक उघडून बघायला अर्धा तास जातो. मला घरी जायची घाई होती. कसली घाई, ते आता आठवतही नाही. मी न उघडताच खूण केली आणि सही ठोकली."

वकिलाला पुढचं थोडंफार कळलं. या धंद्यातल्या कुणालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी उंच्या खड्डा साफ करायला खाली उतरला. ब्रेकच्या पट्ट्या गळक्या तेलात भिजल्या होत्या. लोकांना वाटतं, ब्रेक सुटला की लिफ्ट खाली कोसळते. खरं तर रिकामी लिफ्ट वर जाते, आणि तिच्या दोराच्या दुसऱ्या टोकाचं जड लोखंडी वजन खाली येतं. ते उंच्याच्या पावलावर आलं.

"खड्ड्यात उतरल्यावर पहिल्यांदा लाल बटण दाबायचं, मग मोटर बंद होते आणि लिफ्ट नुसत्या ब्रेकवर उभी राहते. उंच्या म्हणाला, मी दाबलं होतं. साहेब खड्ड्यात उतरले तेव्हा बटण वर होतं. कार्डावर ब्रेक ठीक. म्हणजे चूक याचीच. वर खोटंही बोलतो, म्हणून काढून टाकलं त्याला."

"आणि तुम्ही?"

"मला ब्रेक पुन्हा बघायला पाठवलं. मी पट्ट्या बदलल्या. जुन्या पिशवीत घातल्या, खाली आलो आणि सांगितलं, ब्रेक ठीक आहे."

बायबलमधली निदान पाच वचनं वकिलाच्या जिभेवर आली असणार. त्यानं ती चहाबरोबर गिळली. हे त्याला फार जड गेलं, आणि मेस्त्रींना त्याच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

"मी फादर नाही," शेवटी तो म्हणाला. "क्षमा-बिमा काही माझ्याकडे नाही."

"माहीत आहे. तू एवढा वेळ गप्प बसलास, तेच पुष्कळ झालं."

"त्याला सांगितलंत?"

"तेच तर. फादर म्हणणार, आधी कोंबडी परत कर. म्हणून फादरकडेच गेलो नाही."

"कुठं असतो तो?"

"बाजाराच्या मागच्या गल्लीत. किल्ल्या बनवतो. अकरा वर्षं मी वळसा घालून जातो."

वकिलानं हत्यारांची पिशवी खांद्याला लावली. "चला."

"आत्ता? अरे, महिनाअखेर आहे माझी. ऑफिसात कळलं तर निवृत्तीचा निरोप काय मिळेल, याचा विचार कर."

"जेवणाची सुट्टी आहे," वकील म्हणाला. एवढंच. त्यानं असं एका वाक्यात कधी काही आटोपलं नव्हतं.

वाटेत मेस्त्री दोनदा थांबले, गुडघ्याचं निमित्त करून. दुसऱ्यांदा थांबले तेव्हा वकिलानं विचारलं, कन्फेशन कधी असतं. शनिवारी पाचला रांग लागते, मेस्त्री म्हणाले. "मी येतो सोबत. बाहेर बसेन," वकील म्हणाला. मेस्त्रींनी गुडघा चोळणं सोडलं आणि चालू लागले.

उंच्याचं दुकान म्हणजे एक टपरी होती. स्टुलावर बसूनही त्याचं डोकं छताला लागत होतं. एका पायात जाड तळव्याचा बूट. तो मशिनवर किल्ली कातत होता.

"या मेस्त्री," त्यानं मान वर करून म्हटलं. "किल्ली हरवली?"

वाटेत जुळवलेली सगळी वाक्यं पळून गेली. "उंच्या, ब्रेक मी बघितलाच नव्हता," मेस्त्री म्हणाले. "न बघता सही केली. पट्ट्या तेलात भिजल्या होत्या. मी त्या बदलल्या आणि कुणाला काही बोललो नाही."

उंच्यानं मशिन बंद केलं. त्यानं शिव्या घालाव्यात, हातातली किल्ली फेकून मारावी, असं मेस्त्रींना मनापासून वाटलं.

"म्हणजे बटण मी दाबलं होतं?" उंच्यानं विचारलं.

"काय?"

"बटण. मी दाबलं होतं ना, मेस्त्री?" त्याचा आवाज अगदी खाली आला. "सुरुवातीला मी सगळ्यांना सांगायचो. मग साहेब म्हणाले, भाऊ म्हणाला, बायकोही म्हणाली, जाऊ द्या, चुकतो माणूस. हळूहळू मलाच वाटायला लागलं, नसेल दाबलं. अजून डोळे मिटून त्या बटणावर बोट ठेवून बघतो. आठवतच नाही."

पाऊल गेलं त्याचा हिशोब मेस्त्रींनी अकरा वर्षं मनात केला होता. आपण या माणसाचा स्वतःवरचा विश्वासही नेला, हे त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. आणि एक गोष्ट त्यांनी मघाशी वकिलालाही सांगितली नव्हती.

"दाबलं होतंस," ते म्हणाले. "तुझा पाय सोडवायला लिफ्ट हलवायची होती. त्यासाठी बटण वर ओढलं ते मी. दाबलेलं होतं, मी बघितलं. साहेबांनी विचारलं तेव्हा गप्प बसलो."

उंच्या काही वेळ मशिनवरची पितळेची भुकटी बोटानं एकीकडे सारत राहिला.

"ऑफिसात लिहून द्या."

"सोमवारी देतो."

"आज."

"आज देतो," मेस्त्री म्हणाले.

उंच्यानं खिशातून फोन काढला आणि नंबर लावला. "अगं, मी. डबा खाल्ला, हो. ऐक, मेस्त्री आलेत दुकानावर. हो, तेच." मग त्यानं फोन टपरीच्या फळीवरून पुढं धरला. "तुम्हीच सांगा. माझं ती ऐकून घेणार नाही."

मेस्त्रींनी वकिलाकडे पाहिलं. जन्मभर दुसऱ्याच्या बोलण्यात नाक खुपसणारा तो माणूस पाठ फिरवून किल्ल्यांचे दर वाचत उभा होता.

"हॅलो?" फोनमधून बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"वहिनी," मेस्त्री म्हणाले, "मी बोलतोय." आणि त्यांनी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.