पोचल्याचा फोन

"किल्ली इकडे दे," हवालदार म्हणाला. "आज दुसरा कोणी चालवेल."

ठोकळ्याने किल्ली दिली नाही. ती मुठीत धरूनच तो ट्रकच्या पायरीवर चढला, बाहेरचा आरसा पुसला आणि मागे बसलेल्या जवानांचे पाय आत आहेत ना ते पाहून घेतलं. हवालदार थोडा वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिला. त्या तोंडावर काही वाचायला मिळेल ही आशा तुकडीतल्या मंडळींनी केव्हाच सोडून दिली होती. ठोकळा हे नाव काही उगाच पडलं नव्हतं. बढती मिळाली तेव्हा चेहरा असाच होता, रस्त्यात सुरुंग फुटून पुढची गाडी उडाली तेव्हाही असाच. आज पहाटे घरून फोन आला आणि थोरला भाऊ झोपेतच गेल्याचं त्याने हवालदाराला सांगितलं, तेही चाक पंक्चर झाल्याची वर्दी द्यावी तसंच.

परक्या देशात शांतता राखायला आलेल्या या तुकडीचं विमान आठवड्याने यायचं. पुढच्या विमानात तुझी जागा पक्की, असं मेजरसाहेबांनी खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं. पण तोवर घरी सगळं आटोपलेलं असणार, हे त्यांनाही कळत होतं आणि यालाही. जवानांना टेकडीवरचे जुने अवशेष दाखवायला न्यायचं आधीच ठरलेलं होतं. तूही जाऊन ये, इथे एकट्याने बसून काय करशील, असं साहेब म्हणाले. ठोकळा "जी साहेब" म्हणाला आणि ट्रकमध्ये डिझेल किती आहे ते बघायला गेला.

मन रमवायला वगैरे तो निघाला नव्हता. पहाटे वहिनीने फोनवर बजावलं होतं, "दुपारी नेतील त्यांना. त्याआधी फोन कर. तुझा आवाज ऐकवल्याशिवाय हलवायचं नाही, असं मी सगळ्यांना सांगून ठेवलंय." एवढं बोलणं झालं आणि फोन कापला गेला. आदल्या संध्याकाळपासून वारं सुटलं होतं, छावणीजवळचा टॉवर तेव्हापासूनच आचके देत होता. त्यानंतर तो जो बंद पडला तो पडलाच. पण ठोकळा रोज पाण्याचा टँकर घेऊन खालच्या गावात जायचा. फोन कुठे लागतो आणि कुठे मान टाकतो हे त्याला रस्त्यातल्या खड्ड्यांइतकं पाठ होतं. टेकडीवर, अवशेषांच्या अगदी वरच्या पायरीवर, गावाचा टॉवर समोर येतो. तिथे फोन लागणार म्हणजे लागणारच.

दादानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. एका व्यापाऱ्याच्या ट्रकवर दादा ड्रायव्हर होता. धाकट्याला हाताशी घेऊन त्याने गाडी शिकवली. हा गाडी मागे घ्यायचा आणि दादा मागे उभा राहून "येऊ दे, येऊ दे" करायचा. एकदा याने गाडी थेट भिंतीत घातली, तर दादा भिंतीचीच समजूत काढल्यासारखा तिच्यावरून हात फिरवत म्हणाला, जुनीच होती, पडायलाच आली होती. त्याची अट एकच. कुठेही जा, पोचलास की फोन कर. मग फोनवर दोनच शब्द. हा म्हणायचा, "पोचलो." दादा म्हणायचा, "बरं." की ठेवला फोन. सैन्यात आल्यावरही ते चुकलं नाही, समुद्रापार आल्यावरही नाही. टँकर जागेवर लावायचा, पाना-पक्कड आत टाकायची आणि फोन लावायचा. काल संध्याकाळी मात्र तो काही केल्या लागला नव्हता.

"काल रात्री विचारत होते," वहिनी पहाटे म्हणाली होती. "पोचला का तो? मी म्हटलं, पोचला असेल, झोपा आता."

टेकडीवर ट्रक उभा राहिला. अवशेष म्हणजे पडलेले खांब, अर्धवट भिंती आणि मधोमध दगडी पायऱ्यांची एक मोठी अर्धगोल रांग. पूर्वी इथे नाटकं व्हायची म्हणे. खाली मोकळी जागा आणि तिच्या मध्यात एक गोल, झिजलेला दगड. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदाराने सगळ्यांना खुणेनेच वर पाठवलं, स्वतः त्या दगडावर उभा राहिला आणि कागदाचा एक चिटोरा फाडला. तो आवाज वरच्या पायरीपर्यंत स्पष्ट ऐकू आला. मंडळी एकदम खूश झाली. मग म्हातारा वर जाऊन बसला आणि जवान एकेक करून त्या दगडावर उभे राहून पुटपुटायला लागले. ऐकू आलं की म्हातारा वरून हात वर करायचा. भाषा त्याला ओ की ठो कळत नव्हती, पण हात अगदी इमानदारीने वर जायचा. आचाऱ्याने कालच्या खारट जेवणाबद्दल माफी मागितली, हात वर. ज्याचं तोंड कधी बंद नसायचं म्हणून ज्याला सगळे रेडिओ म्हणत, तो हळूच म्हणाला, हवालदार घोरतो. हात वर गेला, आणि म्हाताऱ्याच्या शेजारीच बसलेला हवालदारही उठला.

या गोंधळात ठोकळा कडेकडेने वरच्या पायरीवर पोचला आणि पार टोकाला जाऊन बसला. फोन पहिल्याच झटक्यात लागला.

"केलास बाई फोन एकदाचा," वहिनी म्हणाली. तिचा आवाज बसला होता. मागे माणसांची कुजबुज होती. "सगळे खोळंबलेत. थांब, कानाशी धरते त्यांच्या. बोल."

ठोकळ्याने तोंड उघडलं. पलीकडे शांतता झाली. छताच्या पंख्याची कुरकुर तेवढी ऐकू येत होती. या रविवारी तेल घालतो, असं दादा कित्येक वर्षं म्हणत आला होता. कोणीतरी खोकलं. काय बोलायचं ते त्याला ठाऊक होतं, एकच तर शब्द होता. पण पोचलो कसं म्हणायचं? तो कुठे पोचला होता? एका परक्या टेकडीवर तो बसला होता, आणि दादाला न्यायला आलेली माणसं त्याच्यासाठी ताटकळत उभी होती. पंखा कुरकुरत राहिला.

"बोललास?" वहिनीने विचारलं.

"हो."

"बरं," ती म्हणाली. "मग नेतात आता."

फोन ठेवला गेला. ठोकळा तसाच बसून राहिला. तेवढ्यात कानाशी कोणी बोलावं तसा खालून आवाज आला. आचारी आणि रेडिओ दगडावर उभे राहून बोलत होते. इतका वेळ त्याच दगडावर खेळ करून झाला होता, पण दुसऱ्याची निंदा करताना पायाखाली काय आहे ते कोण बघतो?

"सख्खा भाऊ गेलाय त्याचा," आचारी म्हणत होता. "आणि हा बघ, वर बसून हवा खातोय. डोळ्यांतून टिपूस नाही. मला तर कधीकधी भीती वाटते त्याची."

"असतात अशी माणसं," रेडिओ म्हणाला.

ठोकळ्याला राग आला नाही. आचारी खरंच बोलतोय असं त्याला वाटलं. टँकरवर थाप मारून पाणी किती आहे ते बघावं, तसं त्याने स्वतःच्या आत चाचपून पाहिलं. आवाज पोकळ आला. दादा गेला, हे त्याला कळत होतं; पण ते दुसऱ्याच कुणाबद्दल असावं असं वाटत होतं, आणि त्याची त्याला लाज वाटली.

हवालदाराने शिट्टी वाजवली. जवान ट्रककडे निघाले. ठोकळा पायऱ्या उतरून खाली आला. मोकळ्या जागेत आता कोणी नव्हतं. मंडळी ट्रकमध्ये चढत होती, आचारी मागे वळून त्याची वाट बघत होता. ठोकळा त्या गोल दगडापाशी थांबला. मग त्यावर उभा राहिला, बूट जुळवून, परेडला उभं राहावं तसा.

"दादा," तो म्हणाला. आवाज इतका हळू होता की त्याचा त्यालाच नीट ऐकू आला नाही. "पोचलो."

वर, शेवटच्या पायरीवर, म्हाताऱ्याने हात वर केला.

ठोकळा थोडा वेळ त्या हाताकडे बघत राहिला. हात खाली गेला तेव्हा तो दगडावरून उतरला, ट्रकपाशी आला आणि त्याने मूठ उघडून किल्ली हवालदारापुढे धरली.

"जाताना दुसऱ्या कोणाला चालवू द्या," तो म्हणाला. "मला रस्ता नीट दिसायचा नाही."

हवालदाराने किल्ली घेतली. आचाऱ्याने सरकून त्याला कडेची जागा करून दिली.