म्हशीचं दावं आणि फिरता चषक

आमच्या शाळेकडे चर्च आहे, घंटा आहे आणि दोन हजार तीन सालापासून तीन संगणकही आहेत. ते तापतात म्हणून मुलांच्या आधी त्यांना पंखा मिळाला. मैदान मात्र शाळेचं नव्हतं. ते कंपाउंडला लागून असलेलं, गावातल्या मच्छिंद्रशेठचं रान. कात्रजच्या अलीकडचं हे गाव महापालिकेत आलं तेव्हा त्यांनी तिथे ज्वारी पेरणं बंद केलं आणि सिस्टरांना सांगितलं, पोरं खेळू द्या. कागद नाही, सही नाही, नुसता शब्द.

मी श्रीधर, पी.टी.चा शिक्षक. कसबा पेठेतून रोज लुनावर येतो. चौथीपर्यंतच्या मुलांना डावा पाय कोणता आणि उजवा कोणता हे शिकवणं माझं आयुष्यभराचं काम आहे आणि त्यात मला अजून यश आलेलं नाही.

त्या डिसेंबरात बातमी आली की रान बिल्डरला जाणार. आसपास संगणकवाल्यांसाठी इमारती उठत होत्या. मच्छिंद्रशेठच्या दोन्ही मुलांनी विक्रीसाठी बापाच्या नाकी नऊ आणले होते आणि येणाऱ्या गाडीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. सहीचा मुहूर्त निघाला तो नेमका आमच्या क्रीडादिनाच्या दुपारी, चार चाळीसला. मैदान गेलं की पी.टी. व्हरांड्यात होईल आणि तुम्हाला वाचनालय देऊ, असं मुख्याध्यापिका सिस्टर कुसुम यांनी मला सांगितलं. वाचनालय म्हणजे एक कपाट. त्याचंही दार नीट लागत नव्हतं.

सिस्टर कुसुम नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या. उंची माझ्या खांद्याएवढी, पण त्या आल्या की मीसुद्धा शर्ट खोचतो. त्या मच्छिंद्रशेठना घरी जाऊन भेटल्या होत्या. शेठनी चहा पाजला आणि हवापाण्याच्या गप्पा मारल्या. ज्याला नाही म्हणायचं असतं पण म्हणवत नाही, तो माणूस असाच वागतो.

क्रीडादिनाला मच्छिंद्रशेठ आले, कारण त्यांची नात शेफाली दुसरीत होती. बिल्डरचा माणूसही आला आणि फाईल मांडीवर घेऊन चिंचेखाली बसला. सकाळची पहिली शर्यत पालकांची, तीन पायांची; तिची अंतिम फेरी दुपारी. आईवडील दोघं आले त्यांची जोडी ठरलेली, एकेकटे आले त्यांच्या जोड्या चिठ्ठ्या टाकून लावायच्या. एक पालक कमी पडला म्हणून मी सिस्टरांचं नाव टाकलं, आणि चिठ्ठी निघाली ती मच्छिंद्रशेठच्या नावाबरोबर.

पाय बांधायच्या पट्ट्या आयत्या वेळी कमी पडल्या, कारण आमच्या मावशी सरुबाई यांनी त्यांतल्या दोन फळा पुसायला घेतल्या होत्या. सरुबाई पहाटे मच्छिंद्रशेठच्या गोठ्यात धारा काढतात आणि मग शाळेत येतात. त्यांनी पिशवीतून म्हशीचं एक जुनं सुती दावं काढलं आणि मच्छिंद्रशेठचा उजवा पाय सिस्टरांच्या डाव्या पायाला, झग्यासकट, आवळून बांधला.

शिट्टी वाजली. मच्छिंद्रशेठ डाव्या पायाने निघाले आणि सिस्टरही डाव्याच पायाने. दोघंही माझ्या 'आधी डावा' या नियमाप्रमाणे बरोबर होते, म्हणून दोघंही पडले. फेरी जिंकली चौथीतल्या ऋषीच्या आईवडिलांनी. दोघंही हिंजवडीला कामाला, आणि म्हणे महिनाभर सोसायटीच्या पार्किंगमध्ये सराव करत होते.

बाकीच्या जोड्या सुटल्या. ही सुटेना. मी गाठ ओढली तशी ती आणखी बसली. सरुबाईंनी वाकून पाहिलं, ओढाल तितकी आवळंल म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या. कात्री कार्यालयात होती आणि कार्यालयाची किल्ली घेऊन कारकून नाताळचा केक सांगायला कॅम्पात गेला होता, तो संध्याकाळीच परतणार होता. एका पालकाने गोठ्यातून कोयता आणायची तयारी दाखवली.

"माझ्या पायाजवळ कोयता येणार नाही," सिस्टर म्हणाल्या, आणि तो विषय तिथेच संपला.

मग दिवसभर जिथे सिस्टर तिथे शेठ. सिस्टर माइकवर प्रार्थनेला गेल्या तेव्हा शेठ शेजारी हात जोडून उभे. शेठना तंबाखू थुंकायची होती तेव्हा सिस्टर कुंपणापर्यंत गेल्या आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या. परत येताना त्यांनी तंबाखूबद्दल जे सांगितलं ते ऐकून शेठनी पुडी कुंपणापलीकडे टाकली. जेवायला दोघं बालवाडीच्या बाकावर बसले, गुडघे हनुवटीला लावून. पोरं येता-जाता दोघांनाही गुड मॉर्निंग म्हणत होती, दुपारचे दोन वाजले तरी. हळूहळू दोघांनी चालायची युक्ती काढली. शेठ म्हणायचे "बांधलेला", सिस्टर म्हणायच्या "मोकळा", आणि पाऊल पडायचं. तीन वाजेपर्यंत ती जोडी माझ्या चौथीच्या संचलनापेक्षा बरी चालू लागली होती. मला याचा थोडा रागही आला.

साडेचारला पालकांची अंतिम फेरी होती. मी सिस्टरांना अदबीने सांगितलं की आपण सकाळीच बाद झालात.

"आम्ही पडलो, पण सुटलो नाही," त्या म्हणाल्या. "जो अजून बांधलेला आहे तो शर्यतीत आहे. नियमात तसं नसेल तर लिहून घ्या."

मी लिहून घेतलं.

शिट्टी वाजताच ऋषीचे आईवडील वाऱ्यासारखे निघाले. मागून "बांधलेला, मोकळा, बांधलेला, मोकळा" असा गजर येत होता. शेवटच्या दहा पावलांवर ऋषीच्या वडिलांच्या खिशात मोबाइल वाजला. अमेरिकेचा फोन. ते थांबले, आई थांबली नाही. दोघं जमिनीवर पडले, तरी वडील पडल्यापडल्याच "येस, येस, आय कॅन हिअर यू" म्हणत होते. त्यांना वळसा घालून सिस्टर आणि मच्छिंद्रशेठ पहिले आले. शेफाली इतकी ओरडली की तिचा आवाज बसला. मीही ओरडलो, हे कबूल करायला हरकत नाही.

बिल्डरचा माणूस फाईल आणि पेन घेऊन पुढे आला. चार अडतीस झाले होते.

"बांधल्या पायानं सही करत न्हाईत," मच्छिंद्रशेठ म्हणाले. "अपशकुन हाय."

तो माणूस खाली बसून गाठीशी झटू लागला. नखं तुटली, गाठ हलली नाही. पाचाला दहा कमी झाले आणि मुहूर्त गेला. मी चषक आणला. फुटलेला एक कान डागून घेतलेला, पण चषक. शेठनी तो दोन्ही हातांनी घेतला. मी सांगितलं की हा फिरता आहे, पुढच्या वर्षी परत आणायचा आणि पुन्हा जिंकून न्यायचा.

त्यांनी चषकाचा डागलेला कान चाचपून पाहिला. मग बिल्डरच्या माणसाला म्हणाले, "पुढल्या साली कुठं पळू, तुमच्या पार्किंगात? रस्त्यापल्याडचं माझं रान बघा. तितं मला पळायचं न्हाई."

मी उगाच शिट्टी पुसत बसलो.

बिल्डरचा माणूस फाटकाबाहेर गेला. तसे मच्छिंद्रशेठ वाकले, दाव्याचं एक टोक दोन बोटांत धरून वरच्या बाजूला हिसकलं आणि गाठ सुटून खाली पडली. जन्मभर म्हशी बांधल्या-सोडल्या त्या माणसाला आपल्याच गोठ्यातली गाठ सुटणार नाही असं मला वाटलं होतं.

"मग सकाळीच का नाही सोडलीत?" मी विचारलं.

"सकाळी सुटलो असतो तर दोन्ही पोरांनी धरून सहीला बसवलं असतं," ते म्हणाले आणि चषक काखेत घेऊन शेफालीकडे गेले.

मी सिस्टरांकडे वळलो. दिवसभर तुम्हाला उगाच त्रास झाला, एका ओढीचं काम होतं, असं काहीतरी म्हणू लागलो. सिस्टर दाव्याची नीट गुंडाळी करत होत्या.

"ठाऊक आहे मला," त्या म्हणाल्या. "माझ्या वडिलांच्याही दोन म्हशी होत्या, श्रीधर सर."