फोटोतलं हिरवं लुगडं

जमनाबाईचा फोटो सातासमुद्रापार गेला आणि जाताना भागीरथाचं हिरवं लुगडं नेसून गेला, हे भागीरथाच्या काळजात दोन वर्षं सलत होतं.

येनपोड म्हणजे आर्णीपलीकडचा, जंगलाला टेकून असलेला तीस घरांचा कोलाम आदिवासींचा पोड, म्हणजे वस्ती. मागच्या धावड्याच्या टेकडीवर पोडाने सामूहिक वनहक्काचा दावा लावला होता. बांबू, मोह, डिंक, सगळं त्या टेकडीवरचं. ती गेली तर पोडाने खायचं काय? या दाव्याची फाइल अकरा वर्षं बगलेत मारून फिरली ती भागीरथा टेकाम. तहसील झालं, वनखातं झालं, यवतमाळच्या पायऱ्या तर मोजायच्या राहिल्या नाहीत. तिची धाकटी जाऊ जमना तेव्हा घरी बसून बांबूचे तट्टे विणत होती.

आणि नॉर्वेच्या बायांच्या संघटनेचा फोटोवाला उगवला तो नेमका भागीरथा यवतमाळला गेली त्या दिवशी! जमनाचं लुगडं ओलं होतं. तिने जावेच्या दोरीवरचं हिरवं ओढलं, नेसली, फोटोवाल्याकडे बघून हसली. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

मग जमनाचा तो फोटो छापलेली पाठिंब्याची कार्डं कलेक्टर कचेरीत यायला लागली. नॉर्वे, चिली, स्पेन, कुठून कुठून. कुणी मास्तरीण, कुणी मासे धरणारा, कुणी तिकडचाच जंगलवाला. प्रत्येकावर मराठीत छापलेलं, "आम्ही जमनाबाईंच्या पोडासोबत आहोत." नयन, त्याच संघटनेची इथली कार्यकर्ती, ती कार्डं पोडात आणून वाचून दाखवायची. पोरं टाळ्या वाजवायची. भागीरथाला वाटायचं, उचलावी आणि चुलीत घालावी. त्याच कार्डांमुळे अकरा वर्षं पडून राहिलेली टेकडीची सरकारी पाहणी लागली, आणि त्याने तर तिचा जास्तच जळफळाट झाला. दोघींच्या घरांत भिंत एकच, पण फोटो निघाल्यापासून भागीरथाने जावेचा उंबरा ओलांडला नव्हता.

पाहणीच्या दिवशी सकाळीच वनपाल आणि तलाठी आले. साठ वर्षांपूर्वी पोड टेकडीवरच होता, रोगराईत माणसं गेली म्हणून खाली आला. त्या जुन्या वस्तीची खूण दाखवा, नाही दाखवली तर दावा फेटाळायची शिफारस करतो, असं वनपालसाहेबांनी पायथ्याशीच सांगून टाकलं.

खूण होती. येनपोडची रीत अशी, की पोड उठला तरी चूल मोडायची नाही. तीन धोंडे अर्धे गाडायचे आणि मधल्या राखेवर मडकं उलटं पुरायचं. ती जागा सासू थोरल्या सुनेला दाखवते, तीही एकदाच. पोड उठला तेव्हाच्या सासवांपैकी आता कुणी उरलं नव्हतं, आणि जागा माहीत असलेली थोरली सून म्हणाल तर एकटी भागीरथा. जमना लग्न होऊन आली तेव्हा सासू मरून तीन वर्षं झाली होती.

पाहणीला नॉर्वेहून मारित नावाची बाई आली होती. बर्फात रेनडिअर पाळणाऱ्या सामी लोकांतली, स्वतःच्या कुरणासाठी कोर्टात भांडून आलेली. ती अख्खी चढण जमनाचा हात धरून चढली. वर आपली लाल लोकरी टोपी तिच्या डोक्यात घातली. भागीरथा सगळ्यांच्या मागे होती. फुकटची टोपी, तीही भर उन्हात लोकरीची, पण तिला ती हवी होती.

"कुठे होता जुना पोड?" साहेबांनी विचारलं.

सगळी तोंडं भागीरथाकडे वळली. पोडाचा मुखिया उकंडा नाईक म्हणाला, "सांग न वं, भागीरथाबाई."

"मले काहून इचारता? जिचं नाव दुनियाभर छापून आलं, तिले इचारा."

उकंडाचं तोंड उतरलं. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं. भागीरथाला बरं वाटलं, खोटं कशाला बोला? आणि लगेच बगलेतली अकरा वर्षांची फाइलही आठवली. तरी तिने मान फिरवली.

तेवढ्यात जमना टोपी सावरत पुढे झाली. पळसाखाली तीन काळे धोंडे होते, त्यांवर तिने हात ठेवला. "हे पाहा साहेब. माह्या सासूची चूल. सासूनं सोता मले दाखवली."

भागीरथाच्या अंगाची लाही लाही झाली. लुगडं नेलं, नाव नेलं, आता सासूसुद्धा!

"खोटारडे! तुले कवा दाखवली वं? तू आलती तवा सासू होती का? ते गुराख्याचे धोंडे हायेत, मागच्या उन्हाळ्यात चहा मांडला त्याइनं! सासूची चूल पाह्यची हाय? या इकडं!"

ती तरातरा येनाच्या झाडाकडे गेली, बसली आणि विळ्याने पाला-माती उकरायला लागली. वीतभर खाली धोंडे लागले. मधे उलटं मडकं. मडकं उचललं तर खाली राख, पांढरी, कोरडी, काल विझल्यासारखी. तलाठ्याने पायातले बूट काढले. साहेब फोटो काढून लिहायला लागले.

मारित मातीत गुडघे टेकून बसली. नयनने तिचं बोलणं सांगितलं, "त्यांच्याकडे पण चुलीच्याच दगडांनी साक्ष दिली म्हणते. तुमचं नाव विचारून राह्यली, कार्डावर छापाले."

"भागीरथा टेकाम," ती दणक्यात म्हणाली. तीनदा म्हणाली.

उतरताना तिचे पाय जमिनीला लागत नव्हते. जमना मागून आली.

"गुराख्याचे धोंडे हायेत, हे मले मालूम होतं, बाई. मीच त्याइले आगपेटी देल्ती."

भागीरथा थांबली. "मंग खोटं काहून बोलली?"

"तुले राहवणार नाही, हेबी मालूम होतं."

म्हणजे हिने सगळं पाहिलं होतं! दोन वर्षांचं जळणं, कार्डांकडे तिरकं बघणं, सगळं. आणि इथेही पुढे निघाली ती हीच. भागीरथाला तिच्या एक ठेवून द्यावीशी वाटली. पण ती म्हणाली, "माहं लुगडं कवा देतं?"

"त्याच दिशी धुवून, घडी करून उतरंडीवर ठेवलं हाय," जमना म्हणाली. "तू घरात येशील अन् मांगशील, म्हणून वाट पाहून राह्यली."