आत्या इतर मुलांना चावतं का?

कोपऱ्यावरच्या बटणवाल्याने मला वेळेत सांगितलं होतं. "ताई, तुमच्या आत्या या आठवड्यात चौथ्यांदा निळ्या दोऱ्याचं रीळ घेऊन गेल्या. जरा बघा." मी हसून म्हणाले, "तुमचं गिऱ्हाईक वाढतंय, तर तक्रार कसली करता?" आणि लेकीच्या बाटलीचं हरवलेलं झाकण शोधायला पुढे निघाले. लेक दोनदा शिंकली तर डॉक्टरांना कळवणारी मी. पण लोकांचे कपडे शिवून जिने मला वाढवलं, शिकवलं, तिच्या कपाटात निळ्या रिळांचा ढीग साठत होता, तो काही मला दिसला नाही.

दिसलं ते सात महिन्यांनी. एका दुपारी आत्या लेकीच्या फ्रॉकवर गरम इस्त्री ठेवून, दार सताड उघडं टाकून निघून गेली. शेजारच्या गादीवर लेक झोपलेली. नवरा त्या दिवशी सर्दीने घरी होता म्हणून फ्रॉकवरच निभावलं. आत्या सापडली ती पूर्वीच्या कामाच्या दुकानापाशी. बंद शटरसमोर उभी राहून ती उशीर झाल्याबद्दल मालकांची माफी मागत होती.

स्मृतिभ्रंश हे नाव डॉक्टरांनी त्याच आठवड्यात घेतलं. म्हणाले, चोवीस तास कुणीतरी जवळ हवं. आम्ही दोघं नोकरीवाले, त्यात तीन वर्षांची लेक. आत्याला कुठेतरी ठेवावं लागणार होतं, आणि कुठे ते मला ठरवायचं होतं. चुकलं तर भोगणार ती, आणि तिला ते सांगताही येणार नव्हतं.

शोधाशोध म्हटली की माझ्या अंगात येतं. लेकीच्या बालवाडीसाठी मी सदतीस प्रश्नांची यादी केली होती. फाईलचं नाव 'अंतिम, खरंच अंतिम, तीन'. म्हटलं, नवी यादी कशाला? संगणकाला सांगितलं, जिथे 'मूल' दिसेल तिथे 'आत्या' घाल. त्याने घातलं. मी प्रती छापल्या आणि स्वतःवर खूश झाले.

पहिलं देखभाल केंद्र घरापासून दहा मिनिटांवर. काचेची दारं, दिवाणखान्यात माशांची टाकी, व्यवस्थापक कडक इस्त्रीत. आत्याने त्यांना आल्या आल्या सांगितलं, "पँट दोन बोटं लांब झालीय. काढून द्या, मी करून देते." ते गोड हसले आणि माझी यादी पाच मिनिटांत भरून परत दिली. सदतीसच्या सदतीस उत्तरं, सुवाच्य अक्षरात. "तुमच्यासारखे जागरूक नातेवाईक फार कमी," असंही म्हणाले. मी फुलले. कागद न वाचता पर्समध्ये टाकला.

"झालं ना मग?" नवरा म्हणाला.

"दुसरं बघितल्याशिवाय कसं ठरवायचं?"

"बरोबर. तू साबणसुद्धा दोन हुंगल्याशिवाय घेत नाहीस."

दुसरं केंद्र दोन बस बदलून. भिंतीचे पोपडे निघालेले, फिनेलचा वास. मुख्य परिचारिकेला तिथे सगळे मोठ्या सिस्टर म्हणत. त्यांनी चष्मा लावला आणि एकेक प्रश्न मोठ्याने वाचायला घेतला. चौदाव्यापाशी थांबल्या.

"'आत्या इतर मुलांना चावतं का?'"

"मी?" आत्या म्हणाली. "कुणाला चावले?"

"अजून कुणाला नाही. दात आहेत का तुमचे?"

"वरचे नाहीत."

"मग 'नाही' लिहिते."

नवऱ्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते. माझ्या डोक्यात तेव्हा प्रकाश पडला. संगणकाला सामान्यरूप कळत नाही. 'मूल' तेवढं त्याने बदललं. 'मुलांना', 'मुलाला' ऱ्हस्व, ती जशीच्या तशी राहिली. व्याकरणात वर्गात पहिली येणारी मी, आणि हे छापून गावभर वाटत होते. मी कागदाकडे हात नेला.

"राहू द्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "पुढचा प्रश्न चांगला आहे. 'मुलाला सोडून गेल्यावर ते किती वेळ रडतं?'" या वेळी त्या हसल्या नाहीत. "रडतात. पाच वाजले की घरी जायचं म्हणतात. मग आमच्यातलं कुणीतरी सोबत फाटकापर्यंत जातं आणि परत घेऊन येतं. कधी चार फेऱ्या होतात."

"मग थांबतात ना? काही दिवसांनी?"

"बऱ्याचजणी थांबतात. एकीचं दोन वर्षं चालू आहे. आणि हे बघा, रात्री आमची माणसं कमी असतात. ते तुम्ही विचारलं नाहीत, म्हणून सांगते."

घरी येऊन मी पहिला कागद काढला. चौदावा प्रश्न, आत्या इतर मुलांना चावतं का? उत्तर: 'होय, नियमितपणे.' पंधरावा, ते किती वेळ रडतं? उत्तर: 'चोवीस तास.'

"दात नसताना नियमितपणे," नवरा म्हणाला. "कमाल आहे बुवा आत्याची." मग आम्ही दोघंही हसायचे थांबलो.

खरं सांगू? तरीही माझं मन दहा मिनिटांकडे ओढत होतं. ऑफिसातून येताना रोज डोकावलं असतं आणि मी किती करते असं मला वाटलं असतं. त्यात आत्याची सोय किती आणि माझी किती, हा प्रश्न सदतिसांत नव्हता. आम्ही दोन बसवालं केंद्र ठरवलं.

सोडायच्या दिवशी मोठ्या सिस्टरांनी एकच बजावलं: "'लगेच येते' म्हणू नका. 'लगेच' तेवढं त्या विसरत नाहीत."

पाच वाजता आत्याने पिशवी उचलली. "चल, उशीर झाला."

"आत्या, तू इथे राहायचंस. मी गुरुवारी येईन."

"गुरुवार म्हणजे उद्या?"

"नाही. तीन दिवसांनी."

ती रडली. सिस्टर तिला फाटकाकडे घेऊन निघाल्या, आणि मी खांबाआड उभी राहून घड्याळ लावलं. अकरा मिनिटं. हो, मी मोजली. काहीतरी करायला हवं होतं.

गुरुवारी गेले. आत्या एका मदतनीस बाईच्या एप्रनचा खिसा टाचत होती, माझ्याकडे न बघता "थांब जरा" म्हणाली. शेजारच्या खाटेवर एक निवृत्त शिक्षिका असतात. त्यांच्या मुलाचा दर रविवारी फोन येतो. त्या खणखणीत आवाजात सांगतात, "मी मजेत आहे." फोन ठेवला की विचारतात, "कोण होता हो हा?"

तुमचंही कुणीतरी फोनवर मजेत असेल. एकदा जाऊन या. येतोय म्हणून कळवू नका. चष्मा पुसलेला आहे का, नखं कापलेली आहेत का, ते बघा. मग समोर बसा आणि तोच प्रश्न ते तुम्हाला कितीदा विचारतात, ते मोजा.